सिनेमाच्या फडाला जाण्याआधी

आठ-दहा सिनेमावेडी माणसं एका खोलीत जमणार, प्रत्येक जण आपला लाडका चित्रपट घेऊन येणार आणि मग तो नक्की कुठल्या प्रकारात बसतो यावरून मध्यरात्रीपर्यंत भांडणार, असा बेत ठरला असेल तर ही यादी आठवडाभर आधी वाचा. आदल्या रात्री वाचून उपयोग नाही, कारण यातलं पहिलंच काम अडीच-तीन तासांचं आहे. जो चित्रपट घेऊन जाणार आहात तो पुन्हा पाहा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकट्याने. "अहो, मी तो दहा वेळा पाहिलाय" ही सबब चालणार नाही. दहा वेळा पाहिलेल्या चित्रपटाबद्दलच माणूस सगळ्यात ठणकावून चुकीचं बोलतो.

हे अनुभवाचे बोल आहेत. एकदा एका प्रसंगावर मी चांगली दहा मिनिटं तोंड चालवलं. पावसात थांबलेली नायिका, मागे एकच दिवा, ती वळून बघते आणि न बोलता निघून जाते. कोणीतरी शांतपणे चित्रपट लावला. पाऊस आलाच नाही. तो दुसऱ्या चित्रपटातला होता, दिवा तिसऱ्यातला, आणि वळून बघणं बहुधा माझ्या पदरचं. इतक्या वर्षांत डोक्यातल्या डोक्यात मी एक वेगळाच सिनेमा जोडून ठेवला होता. तो मूळच्यापेक्षा बरा होता असं मला अजूनही वाटतं, पण त्या रात्री ते ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. संवादांचंही तसंच. "प्ले इट अगेन, सॅम" हे 'कासाब्लांका'तलं (१९४२) वाक्य म्हणून जगभर फेकलं जातं आणि त्या चित्रपटात ते नाहीच. तिथे नुसतं "प्ले इट, सॅम" आहे. तेव्हा जे तोंडपाठ आहे असं वाटतं, ते आधी तपासा.

पाहतानाच दुसरं काम उरकून घ्या. आपण कुठली आवृत्ती पाहतोय, ते टिपून ठेवा. 'ब्लेड रनर' १९८२ साली चित्रपटगृहात आला तेव्हा त्यात नायकाचं निवेदन होतं आणि शेवट गोड होता. १९९२ च्या आवृत्तीत दोन्ही काढून टाकलं आणि एका शिंगवाल्या घोड्याचं स्वप्न घातलं. २००७ मध्ये आणखी एक आली, तिला दिग्दर्शकाने अंतिम म्हटलं. नायक स्वतः माणूस आहे की यंत्रमानव, हा वाद तुम्ही यातली कुठली पाहिली त्यावर बराचसा अवलंबून आहे. दोन माणसं तासभर भांडली आणि शेवटी लक्षात आलं की दोघांनी वेगळे चित्रपट पाहिलेत, असं खरोखर होतं. 'शोले'चंही तेच. ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो असा शेवट चित्रित झाला होता. १९७५ साली, आणीबाणीच्या दिवसांत, सेन्सॉरने तो अडवला आणि पडद्यावर ऐन वेळी पोलीस पोचले. सूडकथा म्हणून 'शोले'वर बोलायचं तर यातला कुठला शेवट धरताय, ते पहिल्या वाक्यात सांगा.

चित्रपट अजून ठरलाच नसेल, तर एक फरक लक्षात ठेवून निवडा. आदर वाटतो तो चित्रपट वेगळा आणि ताप आला असताना जो लावून पडून राहतो तो वेगळा. फडाला दुसरा न्या. आदराच्या चित्रपटावर फक्त मान डोलतात, वाद होत नाही. शिवाय कोणीतरी जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांची यादी काठीसारखी फिरवणारच, त्याचीही तयारी असू द्या. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. पहिल्यांदा वर होता 'बायसिकल थीव्ह्ज', मग १९६२ ते २००२ सलग पाच वेळा 'सिटिझन केन', २०१२ मध्ये 'व्हर्टिगो' आणि २०२२ मध्ये शांताल आकरमानचा 'जान दीलमान', २०१ मिनिटांचा, ज्यात बराच वेळ एक बाई घरकाम करते. एवढं सांगून काठी काढून घ्या आणि पुढे चला.

आता खरा ऐवज. प्रकार, म्हणजेच जॉनर. (या शब्दाचा उच्चार हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. मूळ फ्रेंच उच्चार माहीत असलेला एक जण प्रत्येक फडात असतो. त्याला तो एकदा करू द्यावा.) निघण्याआधी कागदावर एक प्रयोग करा. तुम्हाला ठाऊक असलेली प्रकारांची सगळी नावं लिहा आणि प्रत्येकासमोर ते नाव कशावरून पडलंय ते लिहा. वेस्टर्न (जुन्या अमेरिकी पश्चिमेतले काउबॉयपट) हे नाव जागेवरून आणि काळावरून. युद्धपट, चरित्रपट विषयावरून. भयपट, थरारपट, विनोदी ही नावं तर चित्रपटावरून नाहीतच, ती तुमच्यावरून आहेत: तुम्ही दचकता, खुर्चीच्या कडेला येता, हसता. ॲनिमेशन हा तंत्राचा भाग आहे, त्यात भयपटही बसतो आणि युद्धपटही. एकदा हे तीन-चार रकाने डोळ्यांसमोर आले की निम्मी भांडणं जागच्या जागी मिटतात. 'एलियन' (१९७९) विज्ञानपट की भयपट? पहिलं नाव कथा कुठे घडते ते सांगतं, दुसरं तुमचं काय होतं ते. दोन्ही एकदम खरी असू शकतात, आणि हे पटायला आमच्याकडे दोन बैठका लागल्या.

पण रकाने जुळले तरी एक प्रश्न शिल्लक राहतो आणि त्याचं उत्तर मात्र घरूनच ठरवून न्यावं लागतं. प्रकार ओळखायचा तो सामानावरून की बांधणीवरून? रिक ऑल्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये हा भेद मांडला. त्याचे शब्द जड आहेत, पण मुद्दा साधा आहे. टोपी, घोडा, बंदूक, धूळ हे सामान. कायदा न पोचलेलं गाव, बाहेरून आलेला लढवय्या, काम झाल्यावर त्याचं निघून जाणं ही बांधणी. सामानावर गेलात तर जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) वेस्टर्नच्या आसपासही नाही. बांधणीवर गेलात तर त्याचा 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) हा अमेरिकी वेस्टर्न इतक्या सहज कसा झाला ते कळतं. त्याच कुरोसावाचा 'योजिंबो' (१९६१) आणि इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचा वेस्टर्न 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) यांच्यात तर इतकं साम्य होतं की प्रकरण कोर्टात गेलं आणि जपानी कंपनीशी तडजोड करावी लागली. म्हणजे तलवारीच्या जागी पिस्तूल आलं तरी मालकी बदलत नाही, हे वकिलांनाही पटलं होतं. मी स्वतः बांधणीच्या बाजूचा आहे. तुम्ही सामानाच्या बाजूचे असाल तर हरकत नाही, फक्त मध्येच पलटू नका. पहिल्या तासात टोप्या मोजायच्या आणि दुसऱ्या तासात 'गाभा बघा हो' म्हणायचं, असं करणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नये असं माझं मत आहे.

लेबल कोणी चिकटवलं, हेही बघून ठेवा. 'फिल्म नॉयर' (अंधाऱ्या, सावल्यांनी भरलेल्या गुन्हेपटांचा प्रकार) हे नाव हॉलिवूडने दिलेलंच नाही. महायुद्ध संपल्यावर अडून राहिलेले अमेरिकी चित्रपट फ्रान्समध्ये एकदम पोचले आणि निनो फ्रँक या समीक्षकाने १९४६ मध्ये तो शब्द त्यांना लावला. ते बनवणारे आपण गुन्हेकथा किंवा मेलोड्रामा करतोय असंच समजत होते. तेव्हा "दिग्दर्शकाच्या मनात तसं नव्हतंच" हा युक्तिवाद सोबत नेऊ नका, तो पहिल्याच फटक्यात तुटतो. याच्या उलट टोकाला पुरस्कारांची लेबलं. मंगळावर एकटा अडकलेला माणूस जीव वाचवतो त्या 'द मार्शियन'ने २०१६ च्या जानेवारीत गोल्डन ग्लोब जिंकला तो 'संगीतिका किंवा विनोदी' या गटात. पुढच्याच वर्षी आलेला 'गेट आउट' हा भयपटही त्याच गटात पाठवला गेला, तेव्हा त्याचा दिग्दर्शक जॉर्डन पील याने आपला चित्रपट माहितीपट आहे असा टोला हाणला. हे उदाहरण खिशात ठेवा. कोणी ॲपवरच्या वर्गवारीचा दाखला दिला की काढायचं.

मराठी शब्दांचीही थोडी झाडाझडती घेऊन ठेवा, कारण वाद मराठीत होणार आहे. पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक, संतपट, तमाशापट ही आपली जुनी वर्गवारी. 'सामाजिक'ला परक्या यादीत नेमका जोडीदार सापडत नाही. उलट 'म्युझिकल' हा शब्द आपल्याकडे जवळपास निकामी ठरतो: सहा गाणी असलेला प्रत्येक चित्रपट संगीतिका म्हटला तर बाहेर फारसं काही उरणारच नाही. 'रहस्यपट' हा शब्द सगळ्यात घातकी. खून कोणी केला ते आपल्यालाही ठाऊक नाही, तोही रहस्यपट. आणि आपल्याला ठाऊक आहे पण पात्रांना नाही, तोही. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत हा फरक टेबलाखालच्या बॉम्बने समजावला आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तो ठेवलेला आधीच दाखवला, तर टेबलाशी बसलेल्यांच्या निरर्थक गप्पाही पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकतो. आपण यातल्या कशाला रहस्य म्हणतोय, ते बोलण्याआधी ठरवा.

मग एक प्रसंग निवडा. एकच, तीन-चार मिनिटांचा. "छायाचित्रण जबरदस्त" या वाक्यापुरतं तोंडाला कुलूप घाला आणि त्या जागी दिसणारी, मोजता येणारी एखादी गोष्ट न्या. '१२ अँग्री मेन' (१९५७) जवळजवळ संपूर्ण एका खोलीत घडतो, खटल्याचा निर्णय करायला बसलेल्या बारा ज्युरींच्या. दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने सुरुवातीचा एक तृतीयांश भाग नजरेच्या वरून टिपला, मधला नजरेच्या पातळीवरून, शेवटचा खालून, त्यामुळे शेवटी छतही दिसू लागतं. लेन्सही हळूहळू बदलत नेल्या, त्यामुळे भिंती माणसांच्या अंगावर आल्यासारख्या वाटतात. असं एक निरीक्षण अर्ध्या तासाच्या स्तुतीला भारी पडतं. जाता जाता: हा कोर्टरूम ड्रामा म्हणावा का, ज्यात कोर्ट जेमतेम दिसतं? आणि चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (२०१४) तर कोर्टातून उठून वकिलांच्या, न्यायाधीशांच्या रोजच्या आयुष्यात शिरतो. यावर मी अजून ठाम नाही.

विरुद्ध बाजूचे तीन मुद्दे तुमच्याच हस्ताक्षरात लिहून न्या. लाडक्या चित्रपटाविरुद्ध लिहिताना हात जड होतो, म्हणूनच हे घरी करायचं.

शेवट फोडण्याबद्दल नियम आधी ठरवा. बसल्या बसल्या विचारायचं, कोणी पाहिलेला नाही? एक जरी हात वर आला तर शेवटाची चर्चा सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा त्याने बाहेर जायचं की ऐकायचं हे त्याने ठरवायचं. 'ले दियाबोलिक' (१९५५) संपताना पडद्यावरच विनंती येते की मित्रांना शेवट सांगू नका. त्या विनंतीला वयाची मर्यादा घातलेली नाही, "सत्तर वर्षं झाली की आता" असं म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

राहता राहिली यंत्रांची कटकट. टीव्हीवरचं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. ते मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतं आणि चांगला चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो; २०१८ च्या डिसेंबरात टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून लोकांना हेच सांगितलं होतं. जुना, चौकोनी पडद्याचा चित्रपट ताणून दाखवला जात नाहीये ना, ते बघा, नाहीतर अख्खी चर्चा फुगलेल्या चेहऱ्यांवर होते. उपशीर्षकं शेवटच्या पाच मिनिटांतही लावून तपासा, पहिल्या पाचात नव्हे. सेकंदाला चोवीस फ्रेमचा चित्रपट पंचवीसच्या वेगाने चालवला की सुमारे चार टक्के आखडतो. दोन तासांचा एक तास पंचावन्न मिनिटांत संपतो, आणि चुकीची फाइल असेल तर सुरुवातीला जुळणारे शब्द शेवटाकडे तोंडांपासून मिनिटांनी लांब गेलेले असतात. आमच्याकडे एकदा नायिका मेल्यावर बराच वेळ बोलत होती.

आणि एक कोरा कागद घडी करून खिशात ठेवा. ज्याच्याशी सगळ्यात कडाडून भांडलात, त्याने सुचवलेला एक चित्रपट निघताना त्यावर लिहून घ्यायचा, त्याच्यासमोर. माझ्या कागदावर सध्या न पाहिलेले चार आहेत. पहिल्या नावापुढे मीच पेन्सिलने लिहिलंय: २०१ मिनिटं, सुट्टीच्या दिवशी.