रात्री कुत्री भुंकतात? निदान या चुका तरी टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कुत्री उचलून लांब कुठेतरी सोडून येणं. सोसायटीच्या मीटिंगला कुणीतरी ही आयडिया अशी मांडतं, जणू मुंबईत आजवर कुणाला सुचलीच नव्हती.

आमच्या शेजारच्या सोसायटीने ती अमलातही आणली. चार कुत्री होती, चौघांच्या कानाला खाच, म्हणजे नसबंदी झालेली. वॉचमनच्या खुर्चीखाली पडलेली असायची, अनोळखी रिक्षा आली की दोनदा भुंकायची, विषय संपला. कमिटीने टेम्पो आणला आणि रातोरात चौघांना हायवेपार सोडून दिलं. काही दिवस खरंच शांतता होती. सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले की विजयी चेहऱ्याने विचारायचे, "काय, झोप लागते ना आता?" मग उघड्या कचऱ्याच्या डब्यांच्या वासाने नाल्यापलीकडची टोळी आत आली. एकाच्याही कानाला खाच नाही. त्यातली मादी माजावर आली आणि पार्किंगमध्ये दोन-तीन आठवडे नरांच्या मारामाऱ्या. दोन महिन्यांनी जनरेटरमागे पिल्लं.

जागा आणि खरकटं आहे तोवर कुत्रं येणारच. ते नसबंदी झालेलं, ओळखीचं हवं की नवं, एवढंच तुमच्या हातात. भटक्या कुत्र्यांसाठीचे 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही तेच सांगतात: नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. तेव्हा टेम्पोवाल्याला नाही, महापालिकेला कळवा. नंबर लगेच लागत नाही, पाठपुरावा करावा लागतो. आज तक्रार आणि उद्या शांतता हवी असलेल्यांनी इअरप्लग घ्यावेत. कुत्र्यांवरून भांडणं या शहराला नवी नाहीत म्हणा. 1832 मध्ये कुत्री मारण्याच्या मोहिमेवरून पारशी मंडळी रस्त्यावर उतरली होती.

दुसरी चूक गॅलरीतून ओरडण्याची. रात्री दीड वाजता चौथ्या मजल्यावरून "हाड हाड" केलं की कुत्र्याला वाटतं, वरचाही साथीला आला. टॉर्च मारला, बाटली फेकली, तर भुंकायला आयतं कारण मिळालं. मी अशा वेळी खाली उतरतो, काही न बोलता उभा राहतो आणि कुत्र्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघतो. बहुतेक वेळा ठरावीक वेळेला येणारी डिलिव्हरीची बाइक असते, डब्यात शिरलेली मांजर असते, नाहीतर गेटवर कालच लागलेला नवा वॉचमन. वॉचमनचा इलाज सोपा आहे: दोन-चार संध्याकाळी त्याच्याच हाताने पोळी घालायची. डब्यांना झाकण लावायचं. याला दहा मिनिटं लागतात, पण लोकांना ग्रुपवर शंभर मेसेज टाकणं जास्त सोयीचं वाटतं.

गेटपाशी रात्री अकराला बिस्किटांचा पुडा फोडणारे प्राणिप्रेमीही यात कमी नाहीत. खाऊ जरूर घाला, पण संध्याकाळी, एकाच जागी, जिने आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब. आणि खरकटं उचला.

निळीच्या पाण्याच्या बाटल्या टांगू नका. त्याच बाटलीवर तंगडी वर करून गेलेलं कुत्रं मी पाहिलंय. कुत्री पळवणाऱ्या आवाजाच्या मशीनवर पैसे घालवू नका. विषाचा विचारही नको, तो गुन्हा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

घरचं कुत्रं रात्री भुंकत असेल तर आधी रागावू नका. झोपण्यापूर्वी त्याला खाली फिरवून आणा. म्हातारं कुत्रं अचानक रात्रीचं भुंकायला लागलं असेल, तर ट्रेनर नको, डॉक्टर गाठा.

बोरिवली, मुलुंड किंवा आरेच्या बाजूला राहत असाल तर खाली उतरण्याची माझी सवय उचलू नका. नॅशनल पार्कच्या बिबट्यांना कुत्री आयतं खाद्य वाटतात. सगळी कुत्री झाडीकडे तोंड करून भुंकत मागे सरकताना दिसली, तर वॉचमनला केबिनमध्ये बसायला सांगा आणि वनविभागाच्या 1926 वर फोन लावा.