मोबाईलवर ऑटिझमची पहिली चाळणी: हाकेचा व्हिडिओ असा काढा

मूल 16 ते 30 महिन्यांचं असेल तर आधी 'एम-चॅट-आर' या ऑटिझमच्या प्राथमिक चाळणीचे 20 प्रश्न भरा. फुकट आहेत. प्रश्न 2, 5 आणि 12 ला 'हो' आलं तर एक गुण, बाकीच्यांना 'नाही' आलं तर. इथे हमखास घोळ होतो. बेरीज 8 किंवा जास्त आली तर थेट डॉक्टरांकडे. 3 ते 7 आली तर डॉक्टरांकडे जाताना सोबत व्हिडिओ न्या.

हाक मारली की मूल वळतं का, एवढंच टिपायचं. ऐकायला सोपं आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरी मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा शेजारी यंत्रमाग धडधडत होते, आजी टाळ्या वाजवत होती आणि मी मोबाईल पोराच्या तोंडासमोर धरला होता. पोरगं वळलं, पण मोबाईलकडे! मी 'ठीक आहे' म्हणून मोकळी झाले. तीन महिने वाया गेले, ते माझ्यामुळे.

मोबाईल हातात धरूच नका, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवा. माग बंद असतील ती वेळ धरा. मूल चादरीवर खेळात रमू द्या. मग मागून, दोन-तीन हातांवरून, एकदाच हाक मारा आणि पाच सेकंद गप्प बसा. असं तीनदा. 'इकडे बघ, बिस्कीट देते' नको, बांगड्या वाजवणं नको, खांद्याला हात लावणं तर नकोच. हाक घरातल्या नावानं मारा. दाखल्यावर काहीही असो, दिवसभर 'बंगारू' म्हणत असाल तर बंगारूच.

दुसरा व्हिडिओ बोटाचा. बिस्कीट मागायला केलेलं बोट नव्हे. कुत्रा दाखवून तुमच्याकडे वळून बघतं का, ते टिपा.

फोटोवरून 'ऑटिझम 80 टक्के' सांगणारी ॲप काढून टाका. अमेरिकेत 2021 साली मान्यता मिळालेलं 'कॅनव्हास डीएक्स' हे ऑटिझम तपासायचं सॉफ्टवेअरसुद्धा डॉक्टरांच्या मदतीला आहे, त्यांच्या जागी नाही.

न वळणाऱ्या मुलाला कमी ऐकू येत असेल, म्हणून कानाची बेरा तपासणी चुकवू नका. अंगणवाडीत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाला किंवा सिव्हिलच्या बालरोग विभागात दाखवा. जाताना आजीला सोबत न्या. दिवसभर मूल तिच्याचकडे असतं.