ॲक्चुअरिअल आणि सायन्सची जोडपदवी: नवी मुंबईतून निघण्याआधीची तयारी

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, ऑस्ट्रेलियातलं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं. मधल्या आठ-नऊ महिन्यांकडे बघून घरचे म्हणतात, जुलैचा प्रवेश मिळतोय ना, मग थांबायचं कशाला? पण ॲक्चुअरिअल (विमा, पेन्शन यांतल्या जोखमीचं गणित) आणि सायन्स अशा दोन पदव्या एकत्र करायच्या, तर ऑस्ट्रेलियातल्या या जोडपदवीसाठी थांबलेलं बरं. तिचे विषय एकावर एक रचलेले असतात आणि वरच्या वर्षांचे बरेचसे वर्षातून एकदाच चालतात, त्यामुळे मध्येच सुरुवात केली तर क्रम बिघडतो. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मॅथ ११५१ झाल्याशिवाय १२५१ मिळत नाही, १२५१ शिवाय संभाव्यता आणि गणिती संख्याशास्त्र मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय तिसऱ्या वर्षाची ॲक्चुअरिअल मॉडेल्स घेता येत नाहीत. ठाण्याहून वाशीची लोकल चुकली तर थोड्या वेळाने दुसरी येते. इथे मधला एक विषय राहिला तर कधीकधी अख्खं वर्ष फलाटावर काढावं लागतं.

म्हणून पहिलं काम फॉर्म भरण्याचं नाही, तक्ता आखण्याचं. एक फुलस्केप आडवा घ्या, चार वर्षांच्या चार ओळी करा, शेवटचं वर्ष सगळ्यात वर. साधारण हिशेब वर्षाला आठ विषय, म्हणजे एकूण बत्तीस. दोन सत्रांचं विद्यापीठ असेल तर चार-चार. न्यू साउथ वेल्समध्ये २०१९ पासून दहा आठवड्यांच्या तीन टर्म आहेत, तिथे तीन-तीन-दोन. आता शेवटचं वर्ष आधी भरा. तिथे जे घ्यायचंच आहे त्याचं प्रीरिक्विझिट (आधी पुरा करावा लागणारा विषय) काय, ते खालच्या चौकटीत लाल पेनने लिहा आणि असंच खाली उतरत पहिल्या टर्मपर्यंत या. जो विषय वर्षातून एकाच टर्ममध्ये असतो त्याभोवती गोल करा. पहिल्या वर्षापासून भरत गेलात तर पहिली दोन वर्षं छान बसतात आणि चौथ्या वर्षी लक्षात येतं की दोन सक्तीचे विषय एकाच टर्ममध्ये येताहेत, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या आधी व्हायला हवा. विद्यापीठाचं हँडबुक, म्हणजे विषयांचं आणि नियमांचं पुस्तक, दरवर्षी बदलतं, पण विद्यार्थ्याला साधारणपणे प्रवेशाच्या वर्षाचे नियम लागू राहतात. त्या वर्षाची पीडीएफ उतरवून ठेवा. पुढे वाद झाला तर तीच उपयोगी पडते.

सायन्सचं मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडताना जपून. संख्याशास्त्र घेतलं की काम हलकं होईल असा सगळ्यांचा होरा असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. संभाव्यतेचा पायाभूत विषय ॲक्चुअरिअल आणि संख्याशास्त्र असे दोन्ही विभाग शिकवतात, पण मजकूर सारखा असल्यामुळे दोन्हीचं क्रेडिट मिळत नाही. कुठला घेतला तर दोन्ही बाजूंची अट भागते, हे विद्यापीठाकडून ईमेलवर लेखी मागा. फोनवरचं उत्तर कामाचं नाही. फिजिक्स किंवा केमिस्ट्रीची आवड असेल तर जरूर घ्या, मात्र प्रयोगशाळेचे तास ठरलेले असतात आणि ते ट्युटोरिअलवर आदळतात. गणित किंवा डेटाकडचं मेजर वेळापत्रकाला सोयीचं, एवढंच. शिवाय तक्त्यात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक रेघ मारा आणि तपासा: ॲक्चुअरिअलची बाजू तिथे सोडली तर नुसती सायन्सची पदवी तीन वर्षांत पुरी होते का? होत नसेल तर विषय मागेपुढे करा. सोडणारे असतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

गणिताचं म्हणाल तर एचएससी बोर्डाची दोन गणितं आहेत, आणि फरक तिथेच पडतो. विज्ञान शाखेच्या पुस्तकात व्हेक्टर, रेषा आणि प्रतल, त्रिकोणमिती हे सगळं असतं. वाणिज्य शाखेच्या गणितात ते नाही. पण गंमत अशी की ‘विमा आणि वार्षिकी’ हा धडा तिथेच आहे. वाणिज्यवाल्यांनी हे महिने व्हेक्टर आणि कॅल्क्युलसवर घालवावेत, विज्ञानवाल्यांनी तो एक धडा मागून आणून सोडवावा. मग दोघांनीही रेषीय समीकरणांचं गाउस पद्धतीने निर्मूलन हाताने करून बघावं आणि ‘आर’ ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा थोडी शिकून घ्यावी.

एक्सेल येतं असं सगळेच म्हणतात, त्यासाठी छोटी परीक्षा: दहा वर्षं दरवर्षी १०,००० रुपये, व्याजदर ८ टक्के, आजचं मूल्य किती? हप्ता वर्षाच्या शेवटी असेल तर सुमारे ६७,१०१. वर्षाच्या सुरुवातीला असेल तर ७२,४६९. आजचं मूल्य काढणाऱ्या पीव्ही फंक्शनमधला शेवटचा ‘टाइप’ (हप्ता वर्षाच्या शेवटी की सुरुवातीला) रिकामा सोडला की एक्सेल गुपचूप पहिलं उत्तर देतं. दुसरं उत्तर पहिल्याच्या बरोबर १.०८ पट का येतं, हे सूत्र न बघता सांगता आलं तर पाया बरा आहे.

कागदपत्रांत सर्वांत जास्त घोळ नावाचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेलं नाव असे दोन भाग. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा. गुणपत्रिकेत स्पेलिंग चुकलं असेल तर वाशीच्या विभागीय मंडळाकडचं काम निकालानंतर लगेच सुरू करा, ऑफर आल्यावर नको. विद्यार्थी व्हिसा म्हणजे सबक्लास ५००. त्याला विद्यापीठाचं सीओई (प्रवेश पक्का झाल्याचं पत्र) आणि ओएसएचसी हा परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा लागतो. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलरचा पुरावा हा मे २०२४ पासूनचा आकडा. फी आणि प्रवास वेगळा. अर्ज भरण्याच्या दिवशी आकडा पुन्हा तपासा. टर्म चालू असताना पंधरवड्याला ४८ तासांपर्यंतच काम करता येतं, तेव्हा फीचा हिशेब नोकरीवर बसवू नका. सीओईवर अभ्यासक्रमाचा कालावधी छापलेला असतो. नापास झाल्यामुळे एखादी टर्म वाढली तर सीओई वाढवावं लागतं आणि व्हिसाचाही प्रश्न येतो. झेपत नसलेला विषय सोडायचा तर सेन्सस डेटच्या, म्हणजे फी न लागता विषय सोडण्याच्या शेवटच्या तारखेच्या, आत. त्यानंतर त्याची फी गेलीच. भार कमी करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची परवानगी घ्या.

आणखी एक गोष्ट उशिरा कळते: पास व्हायला ५० गुण पुरतात, पण ॲक्चुअरी होण्यासाठीच्या व्यावसायिक परीक्षांतून सूट मिळवायला त्याहून जास्त लागतात. विषयागणिक ती रेघ कुठे आहे ते विचारून तक्त्याच्या कडेला लिहा.

परत येऊन इथेच काम करायचा विचार असेल तर या व्यवसायाच्या भारतातल्या संस्थेचं, इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाचं, कार्यालय सीवूड्स स्टेशनला लागून, ग्रँड सेंट्रलमध्ये आहे. तिकडच्या कोणत्या विषयांवर इथे सूट मिळेल आणि त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतील, हे जाण्याआधी लेखी विचारा. हातात महिने आहेतच तर एसेट ही या संस्थेची प्रवेश परीक्षाही देऊन टाकावी: तीन तास, १०० गुण, त्यातले ६० गणित आणि संख्याशास्त्राचे, उत्तीर्ण व्हायला ५०. व्हिसा अडकला तर ठाण्यातल्याच कॉलेजात बी.एस्सी. करत याच संस्थेच्या सीएस१ (संख्याशास्त्र) आणि सीएम१ (ॲक्चुअरिअल गणित) या परीक्षा देता येतात.