गाडी परवडते का? शोरूममध्ये जाण्याआधी घरी करायचा हिशेब

शोरूममध्ये चहा येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, "साहेब, महिन्याला किती हप्ता चालेल?" या प्रश्नाचं उत्तर देऊ नका. एकदा आकडा सांगितला की गाडी त्यात बसेपर्यंत कर्जाची मुदत ताणली जाते. पाच वर्षांची सात होतात आणि गाडी 'बजेटमध्ये' येते. त्याऐवजी दोन आकडे घरूनच काढून न्या: सगळं भागवून महिन्याला खरोखर किती उरतं, आणि गाडी दारात आली की महिन्याला एकूण किती मागते.

घरचा आकडा

बँकेचं आणि यूपीआयचं स्टेटमेंट काढा, तेही तीन महिन्यांचं नको, पूर्ण बारा महिन्यांचं. किराणा, दूध, भाजी, गॅस, वीज बिल हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, तिथे हिशेब फारसा चुकत नाही. चुकतो तो वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांत: जूनमधली शाळेची फी आणि गणवेश, मेडिक्लेम, विम्याचे हप्ते, घरपट्टी, दिवाळी, गावची जत्रा, लग्नसराईतले आहेर. हे सगळं एका कागदावर मांडा, बेरीज करा, बाराने भागा. शहरात राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबात ही रक्कम महिन्याला दहा-पंधरा हजारांवर सहज जाते, आणि 'उरतात की वीस हजार' म्हणणाऱ्याच्या हातात प्रत्यक्षात पाच-सातच राहतात.

मग याच कागदावर पुढच्या वर्षाचा रकाना आखा. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, दोन टक्के इकडे-तिकडे. पण ती सरासरी झाली. मुलं शाळेत असतील आणि आई-वडील घरात असतील तर फी आणि मेडिक्लेम १० टक्क्यांनी वाढवून धरा, बाकीचं ६ टक्क्यांनी. वयाचा टप्पा ओलांडला की मेडिक्लेम एकदम उडी घेतं, ते वर्ष कधी येतंय हे पॉलिसीच्या दरपत्रकात आधीच बघून ठेवा. पगारवाढ मात्र कागदावर धरू नका, ती मिळेल तेव्हा मिळेल.

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर गाडीचा विषय तिथेच थांबवा. महिन्याला साडेतीन टक्के व्याज म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. ती फिटली, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला आणि कंपनीच्या मेडिक्लेमखेरीज स्वतःची एक पॉलिसी झाली, की मग पुढे सरका.

गाडीचा आकडा

उदाहरणाला १,२०० सीसीच्या आतली पेट्रोल हॅचबॅक घेऊ, एक्स-शोरूम (रस्ता-कर, विमा, नोंदणी धरण्याआधीची किंमत) ६,५०,००० रुपयांची. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर ११ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे ७१,५०० रुपये. (डिझेलला १३ टक्के. घसाऱ्यावर मिळणाऱ्या आयकर सवलतीच्या लोभाने कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, हे अनेकांना आरटीओत पासिंगच्या, म्हणजे नोंदणीच्या वेळी कळतं.) विमा, पासिंग, नंबरप्लेट, फास्टॅग धरून गाडी ऑन-रोड ७,६०,००० च्या आसपास जाते. १,६०,००० खिशातून भरले, ६,००,००० कर्ज काढलं, व्याज ९ टक्के, मुदत ५ वर्षं. हप्ता बसतो १२,४५५ रुपये.

आता बाकीचं. महिन्याला ८०० किलोमीटर, शहरात खरं मायलेज १५, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ५,६००. जाहिरातीतलं मायलेज धरू नका. सिग्नलला एसी चालू ठेवून उभी राहणारी गाडी ते देत नाही, आणि इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असल्यामुळे ई२० इंधनात (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) थोडी घट येतेच. पुढच्या वर्षांचा विमा बाराने भागून १,२००. सर्व्हिसिंग ६००. टायर आणि बॅटरीसाठी दरमहा ४०० बाजूला, नाहीतर पाचव्या वर्षी वीस-बावीस हजारांचा फटका एकदम बसतो. सोसायटीचं पार्किंग ५००, गाडी पुसणाऱ्याचे ६००, टोल आणि पे-अँड-पार्क ७००. हे झाले ९,६००. हप्ता मिळवला की २२,०५५.

सेल्समनच्या तोंडी बारा हजार होते, खिशातून जातात बावीस. आमच्या मते हा एकूण आकडा हातात येणाऱ्या पगाराच्या २० टक्क्यांच्या आत हवा, घराचा हप्ता चालू असेल तर १५. म्हणजे ८०,००० हातात येणाऱ्या घराला १६,००० पर्यंत झेपेल, ही गाडी अशा कर्जावर झेपणार नाही. मग डाउन पेमेंट वाढवा, जुनी गाडी बघा किंवा वर्षभर थांबा.

दुसरी बाजू किलोमीटरची. पाच वर्षांनी गाडीची किंमत एक्स-शोरूमच्या निम्मी, म्हणजे ३,२५,००० धरली, तर ऑन-रोड ७,६०,००० मधून ती वजा जाता घसारा, म्हणजे किमतीतली घट, महिन्याला ७,२५०. कर्जावरचं व्याज सरासरी २,४५५. त्यात वरचे ९,६०० मिळवले (हप्त्याचं मुद्दल इथे धरायचं नाही, नाहीतर गाडीची किंमत दोनदा मोजली जाते), की ८०० किलोमीटरला १९,३०५. किलोमीटरमागे २४ रुपये. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा मीटर फेब्रुवारी २०२५ पासून किलोमीटरला २०.६६ आहे आणि रिक्षाचा १७.१४. महिन्याला ४०० किलोमीटरच फिरणाऱ्याची स्वतःची गाडी किलोमीटरला चाळीसच्या पुढे जाते, तर १,५०० फिरणाऱ्याची सोळा-सतरावर येते. गाडी फक्त शनिवार-रविवारी बाहेर निघणार असेल तर भाड्याची गाडी आणि रिक्षा हाच शहाणपणाचा मार्ग. घरात म्हातारी माणसं आहेत, रात्री-अपरात्री दवाखाना आहे, तर ४० रुपये किलोमीटरही योग्य ठरू शकतो. फक्त तो माहीत असून द्यावा.

सीएनजीचं गणितही किलोमीटरवरच ठरतं. गाडी साधारण ९०-९५ हजारांनी महाग पडते आणि किलोमीटरला तीन-साडेतीन रुपये वाचतात. म्हणजे २८-३० हजार किलोमीटर झाल्यावर फायदा सुरू. बऱ्याच गाड्यांत डिकी जाते आणि सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तेही मोजा.

सात वर्षांचं कर्ज कुठे अडकवतं

तेच ६ लाख, तेच ९ टक्के, मुदत ७ वर्षं. हप्ता ९,६५४ वर उतरतो, व्याज मात्र १,४७,००० वरून २,११,००० वर चढतं. यापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. विम्यात गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, पहिलं वर्ष संपलं की यादीतल्या किमतीपेक्षा २० टक्क्यांनी कमी धरली जाते: ६,५०,००० च्या ५,२०,०००. सात वर्षांच्या कर्जात वर्षाअखेर बाकी असते सुमारे ५,३५,०००. तेरा-चौदाव्या महिन्यात गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर विम्याचे सगळे पैसे बँकेकडे जातील आणि वरून दहा-पंधरा हजार तुम्हीच भराल, दारात गाडी नसताना. पाच वर्षांच्या कर्जात तेव्हाच बाकी ५,००,००० असते, पैसे फिटतात. मोठं कर्ज घ्यायचंच असेल तर पहिली तीन वर्षं 'रिटर्न टू इन्व्हॉइस' हे ॲड-ऑन (आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत देणारं, विम्यासोबतचं जादा संरक्षण) घ्या.

व्याजदर विचारताना 'फ्लॅट की रिड्युसिंग' हे शब्द वापरूनच विचारा. फ्लॅटमध्ये पूर्ण मुदत मूळ कर्जावर व्याज लागतं, रिड्युसिंगमध्ये फक्त उरलेल्या मुद्दलावर. जुन्या गाड्यांच्या बाजारात फ्लॅट दर सांगायची पद्धत आहे. पाच वर्षांसाठी साडेपाच टक्के फ्लॅट म्हणजे जवळपास १० टक्के रिड्युसिंग. आणि मुदतीआधी फेडल्यास किती दंड, हे मंजुरीपत्रात वाचा. गाडीची कर्जं बहुतेक स्थिर दराची असतात आणि तिथे हा दंड लागतो.

सहा महिन्यांची तालीम

गाडी नसताना गाडीचा खर्च सुरू करा. वरच्या उदाहरणात एकूण २२,०५५ होते, त्यातून सध्याचा रिक्षा, बस, ओला-उबरचा खर्च वजा करा. समजा ४,००० गेले, उरले १८,०००. पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी १८,००० ची रिकरिंग लावा, सहा महिने. या सहा महिन्यांत जून किंवा दिवाळी यायलाच हवी, नाहीतर तालीम खोटी. रिकरिंग एकदाही न मोडता पार पडली तर गाडी झेपते, आणि हातात १,०८,००० जमलेले असतात, ते डाउन पेमेंटला जातात. दोनदा मोडावी लागली तर जेवढे टिकले त्या रकमेची गाडी शोधा.

कोटेशन वाचताना

ओळवार लेखी कोटेशन मागा. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक्स', 'डेपो चार्ज' अशी ओळ दिसली तर ती खोडायला सांगा, हा सरकारी आकार नाही. ॲक्सेसरीजचं पॅकेज सक्तीचं नसतं. विमा शोरूमकडूनच घ्यावा असा नियम नाही. त्याच आयडीव्हीचं आणि त्याच ॲड-ऑनचं ऑनलाइन कोटेशन दाखवलं की शोरूमचा आकडा बऱ्याचदा खाली येतो. आयडीव्ही कमी करून विम्याचा हप्ता स्वस्त दाखवलेला नाही ना, तेवढं बघा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा) विमा एकदम घ्यावाच लागतो, त्याला पर्याय नाही.

पाडवा-दसऱ्याच्या मुहूर्तावर सवलत कमी आणि घाई जास्त असते. डिसेंबरात सवलत भरपूर मिळते, पण विकताना गाडी वर्षाने जुनी मोजली जाते. सात-आठ वर्षं गाडी ठेवणार असाल तर डिसेंबर चांगला. जुनी गाडी देऊन नवी घेत असाल तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) सोडू नका: तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि जुन्या विमा कंपनीचं पत्र दाखवलं की नव्या गाडीला लागतो.

जुनी गाडी

तीन-चार वर्षांची, एका हातातली गाडी ही मध्यमवर्गासाठी सगळ्यात सोयीची खरेदी. मोठा घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो. भाव करताना मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेसवरून १८ टक्क्यांवर आला. विकणारा त्याआधीचं बिल पुढे करतो, तुम्ही तेच मॉडेल आज नवं केवढ्याला मिळतं ते पुढे करा.

परिवहनच्या ॲपवर नंबर टाकून कितवा मालक, बँकेचा बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली ई-चलानं बघा. गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच सुरू करून बघायची. आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. किलोमीटर २५,००० दाखवत असेल आणि चारही टायर बदललेले असतील, तर विचारा का. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या फुटावर गाळाचा डाग असेल तर गाडी पुरात बुडालेली असण्याची दाट शक्यता आहे.

पैसे देताना मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, आणि बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र व बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, सह्यांसह ताब्यात घ्या. विमा स्वतःच्या नावावर करायला १४ दिवस असतात. इथे फार लोक फसतात: आरसी नावावर होते, विमा जुन्या मालकाच्याच नावावर राहतो, आणि पहिल्याच ठोकरीला क्लेम नाकारला जातो.

घेतल्यानंतर

फास्टॅगचा वार्षिक पास (२०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांचा) २०० फेऱ्यांचा आहे, पण तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेस वेच्या नाक्यांवरच चालतो. राज्याच्या मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धीवर चालत नाही. तुमची नेहमीची वाट कुठली ते बघून मगच घ्या.

पावसाळ्यात गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत विमा कंपनी हे तुमचं कृत्य मानते. गाडी टो करून न्या. ठाणे, कल्याण, सांगली, कोल्हापूर अशा पाणी भरणाऱ्या भागात राहत असाल तर 'इंजिन प्रोटेक्ट' हे ॲड-ऑन घेतलेलं बरं.

सर्व्हिसिंगला गाडी देताना मॅन्युअलमधलं वेळापत्रकाचं पान मोबाईलवर ठेवा. इंजिन डिकार्बनायझेशन, एसी सॅनिटायझेशन, अंडरबॉडी कोटिंग, इंजेक्टर क्लिनर असं काही सुचवलं की ते पान उघडून 'यात कुठे आहे?' एवढंच विचारायचं. जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने 'फोनवर विचारल्याशिवाय जादा काम करू नये' असं लिहा, एस्टिमेटचा आकडा लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढा. बदललेले पार्ट डिकीत ठेवायला सांगा. ब्रेक पॅड बदलले म्हणत असतील तर जुने पॅड हातात घेऊन बघा: जाडी तीन मिलिमीटरच्या वर असेल तर घाई झालेली आहे.