फ्लशच्या टाकीतील छुपी गळती
फ्लश न करताही कमोडमध्ये पाण्याची बारीक धार वाहत असेल, तर प्रथम टाकीचे झाकण उघडून पाणी उभ्या ओव्हरफ्लो नळीत (जादा पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या नळीत) सांडते आहे का, हे पाहावे. तसे असल्यास पातळी नळीच्या तोंडाखाली सुमारे २.५ सेंटिमीटर राहील इतका फ्लोट (टाकी भरल्यावर पाणी बंद करणारा तरंगता भाग) खाली घ्यावा. पाणी सांडत नसेल, तर टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून अर्धा तास फ्लश वापरू नये. रंग कमोडमध्ये उतरल्यास दोष बहुधा तळाच्या झडपेच्या रबरात असतो. पाण्याचा कॉक बंद करून, टाकी रिकामी करून रबरावरचे व त्याच्या बैठकीवरचे क्षार पुसावेत आणि रबर कडक झाले असल्यास त्याच मापाचे नवे बसवावे. टाकीत क्लोरीनच्या वड्या मात्र टाकूच नयेत, कारण त्यांनी रबर लवकर खराब होते.