बी.एस्सी. नर्सिंग : प्रवेशापासून रजिस्ट्रेशनपर्यंत या चुका टाळा

सकाळची ड्यूटी. पहिल्या वर्षाची मुलगी वीस खाटांचा वॉर्ड फिरून तक्ता भरून आणते. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, सगळे रकाने भरलेले. मी श्वासाच्या रकान्यावरून बोट खाली नेते. २०, २०, २०, २०. शेवटपर्यंत वीसच. बारा नंबरच्या खाटेवरचे आजोबा दोन उशांना टेकून बसलेत, नाकपुड्या फुलतायत, एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागतंय. त्यांच्यापुढेही २०. मी तिला घड्याळ घेऊन परत पाठवते. पूर्ण एक मिनिट मोजून ती येते तेव्हा तिचा चेहरा उतरलेला असतो. आकडा ३४.

मी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आहे. हे दृश्य मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी तितकीच अस्वस्थ होते, कारण ती मुलगी आळशी नसते. कागद भरला म्हणजे काम झालं, असं तिला वाटत असतं. बी.एस्सी. नर्सिंगमधल्या बहुतेक चुका याच समजुतीतून होतात आणि त्यांची सुरुवात वॉर्डात नाही, प्रवेशाच्या वेळीच होते.

प्रवेश घेताना

महाराष्ट्रात २०२३ पासून बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे. त्याआधी 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे गुण चालायचे, त्यामुळे अजूनही काही घरांमध्ये 'नीट दिली आहे ना, मग झालं' असं धरून चालतात आणि सीईटीच्या अर्जाची मुदत निघून जाते. याच्या उलट चूकही होते. सैन्यदलाच्या नर्सिंग कॉलेजांमध्ये, म्हणजे पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलाचं वैद्यकीय महाविद्यालय), मुंबईचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय वगैरे ठिकाणी, मुलींना प्रवेशासाठी नीटचे गुण लागतात. ज्या मुलीला सैन्यात अधिकारी व्हायचंय तिने नीट सोडून दिली तर या कॉलेजांचा रस्ता तिथेच बंद होतो. म्हणून दोन्ही परीक्षा द्या.

पात्रता आधी काळजीपूर्वक वाचा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के हवेत आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्या मुलांसाठी जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे आणि त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळते. हा मार्ग कमी दर्जाचा नाही. माझ्या ओळखीच्या उत्तम परिसेविका याच वाटेने आल्या आहेत.

आता एजंटबद्दल. 'सीईटीची गरज नाही, कॉलेजला यायचीही गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं सांगणारा माणूस तुमच्या गावात येऊन गेला असेल. शेजारच्या राज्यातलं कॉलेज असतं, फी हप्त्याने भरायची असते, आई-बाबांना वाटतं मुलीची सोय झाली. कृपा करून या वाटेला जाऊ नका. परराज्यातून केलेल्या पदवीचं रजिस्ट्रेशन आधी त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे होतं, मग ते महाराष्ट्रात आणावं लागतं आणि तिथे कागदांची छाननी होते. छाननीतून सुटलात तरी पहिल्या नोकरीत कोणीतरी तुमच्या हातात सलाइनची सुई देणार आहे. त्या रुग्णाने काय करायचं?

राज्यातलं कॉलेज असेल तर ते नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का आणि राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेरीच्या (कॅप) यादीत त्याचं नाव आहे का, हे बघा. केंद्रीय फेरीतून प्रवेश घेण्याला आणखी एक कारण आहे. फी-सवलतीच्या बऱ्याच सरकारी योजना, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींसाठी २०२४ मध्ये आलेली शंभर टक्के शिक्षण शुल्क माफीसुद्धा, या फेरीतल्या प्रवेशाशी जोडलेल्या आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून घाईने जागा घेतली आणि नंतर महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायला बसलं की मग रडू येतं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर, जात वैधता हे बारावीच्या परीक्षेआधीच मागायला टाका. जात वैधतेला किती वेळ लागतो हे ज्या घराने एकदा अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

कॉलेजची इमारत बघून या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांचं हॉस्पिटल बघून या. ओपीडीच्या वेळी जा. खाटा भरलेल्या आहेत का? प्रसूती कक्ष चालू आहे का? मुलांचा वॉर्ड आहे का, की फक्त पाटी आहे? शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी भेटली तर तिला विचारा की तिने स्वतः किती प्रसूती केल्या. रिकाम्या वॉर्डात नर्सिंग शिकता येत नाही.

भाषेची भीती

मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या सत्रात अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीच्या पुस्तकापुढे गोठून जातात. मग गाइड घेतात आणि उत्तरं पाठ करतात. दुसऱ्या वर्षाला फार्माकोलॉजी आणि पॅथॉलॉजी येतं तेव्हा पाठांतर कोसळतं. पहिल्या आठवड्यापासून एक छोटी वही ठेवा आणि शब्द तोडून लिहा. 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'आयटिस' म्हणजे दाह. असे पन्नास-साठ तुकडे बसले की नवा शब्द आपोआप उलगडायला लागतो.

पण मराठी माध्यमाच्या मुलांकडे एक गोष्ट आहे जी पुस्तकात नाही आणि ती ते लपवत बसतात, याचं मला वाईट वाटतं. रुग्ण 'चेस्ट पेन' म्हणत नाही. बाई म्हणते, 'जीव घाबरा होतोय', 'छातीत भरून आल्यासारखं वाटतंय', 'डोळ्यापुढे अंधारी येते', 'पायात गोळे येतात'. मधुमेह असलेली साठ वर्षांची बाई 'जीव घाबरा होतोय' म्हणाली, तर तो हार्ट अटॅक असू शकतो. छातीत दुखत नाही म्हणून तिला बाजूला बसवून ठेवणं परवडत नाही. तुम्हाला ही भाषा घरातून मिळालेली आहे. ती डॉक्टरांपर्यंत आणि केस पेपरवर नीट पोचवणं हे तुमचं काम आहे. रुग्णाचे शब्द आहेत तसे लिहून घ्या आणि मग त्यापुढे वैद्यकीय शब्द लिहा.

वॉर्डातल्या चुका

श्वास मोजायची युक्ती माझ्या मॅडमनी मला शिकवली, ती तशीच सांगते. नाडी मोजून झाली की मनगट सोडू नका. हात तसाच धरून ठेवा आणि नजर छातीकडे न्या. आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो. मिनिटभर मोजा. प्रौढाला १२ ते २० ही सर्वसाधारण मर्यादा आहे. तब्येत बिघडायला लागली की बऱ्याचदा रक्तदाब घसरण्याआधी श्वास वाढतो. म्हणून तो रकाना अंदाजाने भरायचा नाही.

रक्तदाबाचंही तसंच. सगळ्यांचा १२०/८० येत नाही. जाड दंडाला रक्तदाब यंत्राचा लहान पट्टा (कफ) लावला तर आकडा खोटा वाढतो, हात लोंबकळता ठेवला तरी वाढतो. ऐकू आलं नाही तर 'मॅडम, मला ऐकू आलं नाही' म्हणा. या वाक्यासाठी मी आजवर कुणालाच रागावले नाही.

लघवीच्या नोंदीत 'झाली' लिहून चालत नाही, किती मिलिलीटर ते लिहायचं. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलीटरपेक्षा कमी होत असेल तर इन्चार्ज सिस्टरला तेव्हाच सांगायचं, ड्यूटी संपताना नाही.

औषधांच्या हिशोबाला मात्र थांबून वेळ द्या, कारण इथे चूक दुरुस्त करायला संधी मिळेलच असं नाही. दहा किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. बाटलीवर ५ मिलिलीटरमध्ये १२५ लिहिलंय, तर ६ मिलिलीटर. त्याच कपाटात शेजारी २५० ची बाटली असते, तिच्यातून ३ मिलिलीटर. 'कालच्यासारखं सहा दे' असं कुणी सांगितलं आणि आज बाटली बदललेली असली तर बाळाला दुप्पट डोस जातो.

इन्सुलिनमध्ये याहून धोका आहे. आपल्याकडे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली सर्रास मिळते, तिला लाल टोपणाची सिरिंज. १०० युनिटवालीला नारिंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर रुग्णाला फक्त ८ युनिट मिळतात. १०० च्या बाटलीतून लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं तर ५० युनिट जातात. एका शांत रात्रपाळीत हे घडू शकतं आणि सकाळी रुग्ण उठत नाही. बाटली आणि सिरिंज शेजारी धरा, दोन्हींवरचा आकडा मोठ्याने वाचा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा आणि मगच भरा.

मी स्वतः दुसऱ्या वर्षाला असताना केअर प्लॅन, म्हणजे रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा, मैत्रिणीच्या वहीतून उतरवला होता. तपासताना मॅडमनी विचारलं, 'दोन्ही पायांची नाडी व्यवस्थित लिहिलीयस. कुठल्या पायांची?' माझ्या रुग्णाचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला होता. सहा दिवस मी त्याच्या खाटेजवळ उभी राहिले होते. मॅडम ओरडल्या नाहीत, वही मिटून मला परत त्याच्याकडे पाठवलं. तो माणूस काळ्या चहासाठी तीन दिवस सांगत होता, कारण दुधाने त्याचं पोट बिघडायचं, आणि ते कुणीच लिहून ठेवलं नव्हतं. तेव्हापासून मी मुलींना सांगते की केअर प्लॅनची पहिली पाच वाक्यं खाटेशेजारी उभं राहून लिहा, हॉस्टेलवर जाऊन नाही. केलेल्या कामांची नोंद ठेवायच्या प्रोसिजर बुकवर सही त्याच दिवशी घ्या. सेमिस्टरच्या शेवटी चाळीस सह्या गोळा करायला निघालेली मुलगी काय शिकली हे तिलाही सांगता येत नाही.

स्वतःची काळजी

हिपॅटायटिस बी ची लस पहिल्या पोस्टिंगआधी, म्हणजे वॉर्डातल्या पहिल्या ड्यूटीआधी, सुरू करा. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात. पहिला घेऊन उरलेले विसरणारी मुलं खूप. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्या.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट सुई तोडायच्या कटरमध्ये टाकायची. तरीही टोचली तर जखम पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. रागावतील म्हणून दोन दिवस गप्प राहिलेली मुलगी मी पाहिली आहे. तिच्या नशिबाने रिपोर्ट चांगला आला, पण ते दोन दिवस ती जेवली नव्हती.

हजेरी

परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. पदवी मिळण्याआधी प्रॅक्टिकलची हजेरी शंभर टक्के पूर्ण करावी लागते, हे बऱ्याच जणांना शेवटच्या वर्षी कळतं. दिवाळीला जोडून घेतलेली सुट्टी, मावसबहिणीचं लग्न, आजारपण, या सगळ्याचे तास भरून द्यावे लागतात. आठवं सत्र पूर्ण इंटर्नशिपचं असतं, २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास. त्यात जुने तास भरायला जागा कुठली? चुकलेल्या पोस्टिंगचे तास त्या त्या सत्रातच संपवा.

शेवटच्या वर्षी

रजिस्ट्रेशन लांबवू नका. पदवी हातात आहे पण महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक नाही, तर नर्स म्हणून काम करता येत नाही. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेला बी.एस्सी.वाल्यांना अनुभवाची अट नाही, जीएनएमला दोन वर्षांची आहे. त्यामुळे 'आधी अनुभव घेते, मग बसते' म्हणत वर्षं घालवू नका. मुलांनी जाहिरातीतला जागांचा तपशील वाचावा, कारण तिथे पुरुषांसाठीच्या जागा कमी असू शकतात.

परदेशी जायचं असेल तर एक खास आपल्याकडची अडचण सांगते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलं नाव आडनावापासून सुरू होतं, आधारवर शेवटी आडनाव, पासपोर्टवर दोन वेगळे रकाने आणि वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. लग्न झालं की आणखी एक नाव. आखाती देशांची कागदपत्र पडताळणी असो की अमेरिकेच्या एनक्लेक्स या नर्सच्या परवाना परीक्षेसाठीची, नाव जुळलं नाही की फाइल महिनोन्‌महिने अडते. इंटर्नशिप चालू असतानाच सगळे कागद टेबलावर मांडून स्पेलिंग आणि क्रम जुळवून घ्या. जर्मनीचा विचार असेल तर भाषा बी-टू पातळीपर्यंत लागते, म्हणून क्लास तिसऱ्या वर्षीच लावा. आणि कॉलेज सोडण्याआधी थिअरी-प्रॅक्टिकलचे तास विषयवार लिहिलेल्या ट्रान्स्क्रिप्टच्या दोन-तीन सही-शिक्क्याच्या प्रती मागून घ्या. पाच वर्षांनी त्याच कार्यालयात जाल तेव्हा तुमचं रजिस्टर काढून देणारे क्लार्क निवृत्त झालेले असतील.