रॅक्लोप्राइडची कुपी उघडण्याआधी

नवीन आलेल्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी वजनकाट्याजवळ जाऊ देत नाही. रॅक्लोप्राइडची, म्हणजे मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवणाऱ्या प्रयोगातल्या संयुगाची, कुपी हातात देते आणि लेबल मोठ्यानं वाचायला सांगते. ‘एस-मायनस-रॅक्लोप्राइड, प्लस-टार्ट्रेट सॉल्ट.’ बहुतेक जण ‘रॅक्लोप्राइड’ एवढंच वाचून थांबतात. मग मी पुन्हा वाचायला लावते.

सुरुवातीचा ‘एस’ म्हणजे आरशातल्या दोन रूपांपैकी डोपामिनच्या डी-2 ग्राहीला (पेशीवरची जागा, जिथे डोपामिन बसतं) घट्ट बसणारं रूप. आणि शेवटचं ‘टार्ट्रेट’ तुमचा डोस ठरवतं: नुसता औषधाचा रेणू म्हणजे बेस, टार्ट्रेट जोडलेला म्हणजे सॉल्ट. त्यासाठी मी तीन आठवडे आणि चोवीस उंदीर घालवले आहेत, म्हणून इतकं सांगते आहे.

एमफार्मला असताना आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सीनियरचे आकडे समोर ठेवून मी तेच डोस पुन्हा दिले. पुढचे पाय आडव्या दांड्यावर ठेवून ताठरपणा मोजायच्या चाचणीत माझे उंदीर कमी वेळ थांबत होते. मी दांडा बदलला, काटा तपासून घेतला, पिंजऱ्यांची जागासुद्धा बदलली. सीनियरनं डोस बेसमध्ये मोजला होता, मी सॉल्टमध्ये, आणि दोघांच्याही वहीत नुसतं ‘मिलिग्रॅम प्रति किलो’ होतं. कळलं तोवर सहा-सहाचे चारही गट संपले होते. ते चोवीस जीव कशासाठी गेले, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

तर आधी गणित. रॅक्लोप्राइड बेसचा रेणुभार 347.24, टार्ट्रेटसकट 497.33. भागाकार 1.432. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये 0.5 मिलिग्रॅम प्रति किलो बेस लिहिलं असेल, तर किलोमागे 0.716 मिलिग्रॅम सॉल्ट लागेल. हे विसरून सॉल्टच 0.5 दिलं, तर उंदराला सुमारे 0.35 मिळतं, म्हणजे तीस टक्के कमी. डोस तुमच्या संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीनं मंजूर केलेल्या फॉर्म बी (प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) मधलाच घ्यायचा. इथला आकडा फक्त उदाहरणाचा.

आता वजन. दहा मिलिग्रॅमच्या कुपीत भुकटी बहुधा झाकणाला चिकटलेली असते, म्हणून आधी कुपी सरळ धरून टेबलावर हलकेच आपटा. फ्रीजमधून काढली असेल तर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या सिलिकाचं बंद भांडं) बंदच ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये थंड कुपी उघडली की हवेतलं पाणी आत बसतं आणि तुम्ही औषधासोबत तेही मोजता. डेसिकेटरमधली निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ती आधी ओव्हनमध्ये सुकवा. हातमोजे, मास्क, आणि काट्याजवळचा पंखा बंद.

2 मिलिग्रॅम बेस हवा म्हणून बरोबर 2.86 मिलिग्रॅम सॉल्ट मोजायच्या नादी लागू नका. स्पॅच्युलानं थोडी टाका, थोडी काढा असं करत निम्मी भुकटी बटर पेपरवर सांडते. तीनच्या आसपास घ्या, काटा दाखवेल तो आकडा लिहा आणि सलाइनचं माप त्यावरून काढा. समजा 3.12 मिलिग्रॅम आलं. भागिले 1.432, म्हणजे बेस 2.18. मिलिलीटरला 0.5 मिलिग्रॅम हवं असेल तर सलाइन 4.36 मिलिलीटर. टार्ट्रेट पाण्यात सहज विरघळतं, ट्यूब थोडी वर्टेक्सवर (गरगर हलवणारं यंत्र) धरली की पुरे. द्रावणात कण दिसले तर तसंच भरू नका. मी ट्यूबला फॉइल गुंडाळते आणि द्रावण त्याच दिवशी वापरते.

इथे दुसऱ्या कोणाला तरी बोलवा. ट्यूबवर अ, ब, क लिहून कशात औषध, कशात नुसतं सलाइन, ही चिठ्ठी त्या माणसानं आपल्याजवळ ठेवायची. दांड्यावर उंदीर ठेवणाऱ्याला ते कळता कामा नये. आपल्याला हवा तो निकाल डोळ्यांना फार लवकर दिसतो.

किलोला एक मिलिलीटर या हिशेबानं 236 ग्रॅमच्या विस्टार (प्रयोगशाळेतली पांढरी जात) उंदराला 0.24 मिलिलीटर, कातडीखाली, मानेमागच्या सैल भागात. वजन त्याच दिवशी सकाळचं हवं, कालचं नको. पिक्रिक अ‍ॅसिडची पिवळी खूण, डोकं, पाठ की शेपटी, आधी वहीशी जुळवा. उंदीर हातात घाबरला असेल तर थांबा. घाबरलेल्या प्राण्याची हालचाल आधीच बदललेली असते, आणि त्याला उगाच त्रास देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

अर्ध्या तासानं पुढचे दोन्ही पाय नऊ सेंटिमीटर उंचीच्या दांड्यावर ठेवा आणि घड्याळ सुरू करा. पाय खाली आला की बंद. 180 सेकंदांनंतर थांबवायचंच. हा ताठरपणा म्हणजे कॅटालेप्सी. मनोविकाराच्या औषधांनी माणसांत जो कंप आणि जखडलेपणा येतो, त्याची प्राण्यातली खूण. अ‍ॅम्फेटामिनसारख्या औषधानं वाढलेली धावपळ रॅक्लोप्राइड कमी डोसमध्येच आवरतं, ताठरपणा त्याहून बऱ्याच वरच्या डोसला येतो. या दोन डोसमधलं अंतर हाच आपला खरा निकाल, म्हणून चुकीचा डोस लिहिला की सगळंच वाया.

हे संयुग स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रा कंपनीचं. रुग्णांवर चाचण्या झाल्या, पण औषध म्हणून ते बाजारात आलं नाही. ते टिकलं ते मोजमापाच्या कामात. 1980च्या दशकात स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत लार्स फार्डे आणि सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन-11 जोडलेलं रॅक्लोप्राइड पेट स्कॅनसाठी (शरीरातला किरणोत्सार टिपणारी तपासणी) वापरलं आणि जिवंत माणसाच्या मेंदूतल्या डी-2 ग्राही मोजल्या. कार्बन-11 वीस मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे ते सायक्लोट्रॉनजवळच (कार्बन-11 तयार करणारं यंत्र) बनवावं लागतं. त्यातूनच पुढे कळलं की साधारण 65 ते 80 टक्के ग्राही अडल्या की औषध लागू पडतं आणि त्यापलीकडे जखडलेपणा वाढतो.

एका ओळखीच्या ताईंनी आपल्या आजारी भावासाठी हे मिळेल का, असं विचारलं होतं. नाही. आपल्या कपाटातली कुपी प्राण्यांच्या प्रयोगापुरतीच आहे. ती माणसासाठी निर्जंतुक केलेली नाही, तपासलेली नाही. ताईंना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि भावाची चालू औषधं मध्येच बंद करू नका, एवढं आवर्जून सांगितलं.

काम संपल्यावर उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, रासायनिक कचऱ्याच्या बाटलीत टाका. सुया पंक्चर न होणाऱ्या डब्यात, टोपण पुन्हा न लावता. मग वहीत तारीख, कुपीचा लॉट नंबर, मोजलेलं वजन, सलाइनचं माप, आणि डोसच्या आकड्यापुढे ‘बेस’ किंवा ‘सॉल्ट’. तो शब्द दिसल्याशिवाय मी पानावर सही करत नाही.